जन्मजात गुन्हेगार : एका कल्पनेचा इतिहास

आपल्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा मनुष्य सापडणे कठीण. रिक्षावाल्याला सांगा, तो बरोबर नेऊन सोडतो. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक’ असा पत्ता लिहिलेली पत्रे पोस्टमन वर्षानुवर्षे वाटीत आला आहे. परंतु हा इंग्रजी शब्द आपल्या गावाच्या अंगाला कसा चिकटला, आणि ‘फ्री’ म्हणजे कशातून मोकळी, हे आम्ही स्वतःलाही पुष्कळ दिवस विचारले नव्हते. ते विचारावयास एका प्रसंगाने भाग पाडले. तो प्रसंग आमच्या भूषणाचा नाही. तथापि आजचा विषय आम्ही का निवडला हे त्यावाचून कळणार नाही.

१९९४ च्या सुमारास आम्ही येथील एका यंत्रमाग कारखान्यात माग चालवीत होतो आणि युनियनच्या कामात नुकतेच पडलो होतो. एका रात्री गोदामातून सुताची तीन पोती नाहीशी झाली. सकाळी पोलीस आले. तपासाची सुरुवात एका प्रश्नाने झाली : ‘तुमच्यांत सेटलमेंटचा कोण आहे?’ एक होता. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, कामाला चोख, बोलायला लाजाळू. त्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याची आई युनियनच्या खोलीवर आली आणि आम्हांला म्हणाली, ‘दादा, रातभर त्यो तुमच्या शेजारच्या मागावर हुता न्हवं? येवढंच सांगा की सायबाला.’

ते खरे होते. तो रात्रभर आमच्या शेजारच्या मागावर होता. पण युनियनमधली जाणती माणसे म्हणाली, ‘त्यांच्या भानगडीत पडू नका, युनियनचे नाव खराब होईल.’ आम्ही गेलो नाही. पुढे पंधरा दिवसांनी कळले, की गोदामाची किल्ली ज्याच्या कमरेला असे त्या कारकुनानेच पोती विकली होती. पोरगा सुटला, पण त्याचा माग दुसऱ्याला दिला गेला होता. त्यानंतर तो आम्हांला दिसला नाही.

आम्ही शिकलेले नव्हतो; आमची शाळा आठवीत सुटली. परंतु तेव्हापासून पाळी सुटली की वाचनालयात बसावयाचे आणि या एका प्रश्नाचा माग काढावयाचा असा क्रम आम्ही ठेवला. माणूस गुन्हेगार म्हणून जन्माला येतो काय? येत नसेल, तर ‘सेटलमेंटचा कोण आहे’ हा प्रश्न त्या पोलिसाच्या तोंडी, आणि त्याहून वाईट म्हणजे आमच्या मनात, कोणी घातला? या शोधात जे सापडले ते आपणांपुढे मांडतो.

प्रथम युरोपकडे पाहू. १७६४ साली बेकारिया नावाच्या इटालियन गृहस्थाने गुन्हे व शिक्षा यांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्या काळी कबुलीसाठी छळ करणे हा न्यायाचाच भाग समजला जाई. बेकारियाने म्हटले, की शिक्षा कृत्याला असावी, ती कृत्याच्या प्रमाणात असावी, आणि ती कडक असण्यापेक्षा खात्रीची असणे अधिक महत्त्वाचे. कोणी केले यापेक्षा काय केले हे पाहावयाचे, हा त्याच्या विचाराचा गाभा. आधुनिक फौजदारी कायदा बव्हंशी याच पायावर उभा आहे.

पुढे शंभर वर्षांनी त्याच इटलीत लोंब्रोसो नावाचा डॉक्टर झाला. एका मृत चोराच्या कवटीत त्याला एक विशेष खळगा दिसला, आणि त्यावरून त्याने सिद्धान्त उभारला, की गुन्हेगार हा रानटी अवस्थेकडे परत गेलेला मनुष्य असून त्याचा जबडा, कान, कपाळ यांवरून तो ओळखू येतो. त्याचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. बेकारियाने कृत्याकडे लावलेली नजर लोंब्रोसोने पुन्हा माणसाच्या अंगाकडे वळविली. उत्तरायुष्यात त्याने परिस्थितीचाही वाटा मान्य केला. परंतु लोकांच्या ध्यानात राहिला तो ‘जन्मजात गुन्हेगार’ हाच शब्द.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोंब्रोसोचा ग्रंथ १८७६ चा, आणि आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला १८७१ साली, म्हणजे पाच वर्षे आधी. शास्त्राने सांगितले म्हणून कायदा झाला असे येथे घडले नाही. कायदा अगोदर झाला, आणि शास्त्र मागाहून त्याच्या मदतीला आले. येथील राज्यकर्त्यांना कवटी मोजण्याची गरजच पडली नाही, कारण त्यांच्या हाती त्याहून सोयीचे माप होते. ते म्हणजे जात. कायद्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार आणि कोष्ट्याचा मुलगा कोष्टी होतो, तसा चोरांच्याही जाती असल्या पाहिजेत, आणि त्यांचा मुलगा चोरच होणार. आपल्या जातिव्यवस्थेने त्यांना हे उदाहरण आयते पुरविले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. दोष सगळा साहेबाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता कायदा काय होता ते पाहू. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे बिनजामिनी गुन्हे करतो असे सरकारला वाटले, की सरकारने तशी अधिसूचना काढावयाची. ती निघाली की त्या जमातीतील माणसांची नोंदणी व्हावयाची. त्यांनी हजेरी द्यावयाची, आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जाताना पास घ्यावयाचा. त्या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न काढावयाचा नाही, असे कायद्यातच लिहून ठेविले होते. खुनाच्या आरोपीलाही वकील देता येतो; येथे अख्ख्या जमातीला आरोप ऐकण्याचाही अधिकार नव्हता. १८९७ च्या दुरुस्तीने तर या लोकांची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. चार वर्षांच्या लेकराने कोणता दरोडा घातला होता?

या जमाती होत्या तरी कोण? बंजाऱ्यांचे उदाहरण घ्या. रेल्वे येण्यापूर्वी या देशातले मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरत असे. मोठमोठ्या फौजांना रसद त्यांचेच तांडे पुरवीत. १८५३ साली मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली, आणि पुढच्या काही दशकांत त्यांचा धंदा बुडाला. मिठावर सरकारचा मक्ता होताच. पारधी शिकारीवर जगत; जंगल सरकारजमा झाले तेव्हा कालची शिकार आज चोरी झाली. कैकाडी टोपल्या विणीत गावोगाव फिरत. कोणी कसरतीचे खेळ करीत, कोणी जडीबुटी विकीत. यांच्यांत एकच गोष्ट सामाईक होती : त्यांना एक गाव नव्हते, शेतसारा नव्हता, पत्ता नव्हता. राज्यकर्त्यांना स्थिर रयत हवी होती. जो फिरतो तो संशयित, असे त्यांचे गणित होते. यांच्यांत चोऱ्या करणारे कोणी नव्हते असे आम्ही म्हणत नाही. होते. परंतु ज्याचा धंदा हिरावला, जमीन दिली नाही, आणि गावाने शिवेबाहेर ठेवले, त्याने काय खावे याचा विचार अधिसूचनेत कोठेच नव्हता.

१८७१ चा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार आला, आणि मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या : विजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि आपले सोलापूर. या वसाहतींच्या जागा पाहा. बारामतीस कालव्याचे काम होते. हुबळीस आणि सोलापुरास कापडाच्या गिरण्या होत्या. आपली जुनी गिरणी १८७७ ची. गिरण्यांना माणसे लागत, आणि माणसे तर शेतीच्या हंगामात गावी पळत. तारेच्या कुंपणातील मनुष्य पळत नाही. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा नाना जमातींची कुटुंबे येथे आणून ठेविली. सकाळी हजेरी, मग गिरणी, संध्याकाळी पुन्हा हजेरी. ज्याची वागणूक चांगली ठरे त्याला कुंपणाबाहेर, परंतु नजरेखाली, राहण्याची मुभा मिळे. ती ‘फ्री कॉलनी’. आपल्या गावातील पत्त्याचा अर्थ हा असा आहे.

वसाहतींच्या व्यवस्थापकांत कळकळीची माणसेही होती. त्यांनी शाळा काढल्या, दारू सोडविण्याचा प्रयत्न केला, हातांना हुन्नर शिकविला. हे मान्य केले पाहिजे. परंतु कामगार चळवळीतल्या मनुष्याला एक गोष्ट चटकन दिसते. मजुरी कमी पडली तर साधा कामगार संप करू शकतो, निदान काम सोडून जाऊ शकतो. ज्याची गैरहजेरी हाच गुन्हा, त्याने संप करावा कसा? ज्याला सुधारावयाचे म्हणून आणले, त्याच्याकडून पहिली गोष्ट काढून घेतली ती ‘नाही’ म्हणण्याची.

येथे आमचा प्रश्न थोडा रुंद होतो. गुन्हा म्हणजे काय हे कोण ठरवितो? आपण कामगारांनी हा अनुभव स्वतः घेतला आहे. १८५९ सालच्या कायद्याप्रमाणे, आगाऊ उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास तुरुंगात पाठविता येई; करार मोडणाऱ्या मालकाला मात्र तुरुंग नव्हता. हा कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले. संघटना करणे हा फौजदारी कट ठरू नये, असे संरक्षण नोंदलेल्या संघांना मिळाले ते १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने. म्हणजे आम्ही ज्या कामावर आयुष्य काढले ते काम आमच्या आजोबांच्या काळी गुन्हा ठरू शकत होते. आणि सोलापूरकरांना याहून काय सांगावे? १९३० साली येथे लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन व श्रीकिसन सारडा यांना फाशी दिले. सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार होते. आज त्यांच्या नावाच्या चौकातून आपण रोज जातो.

मग शास्त्राने पुढे काय केले? १८६७ साली मायर नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बव्हेरियातील पंचवीस वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले : एका बाजूस राय या धान्याचा भाव, दुसऱ्या बाजूस चोऱ्या. भाव चढला की चोऱ्या चढत, उतरला की उतरत. १९१३ साली गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टराने तीन हजारांवर कैद्यांची मापे प्रसिद्ध केली, आणि ती विद्यार्थ्यांच्या व सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली. लोंब्रोसोचा तो निराळा चेहरा त्याला सापडला नाही. गोरिंग स्वतः आनुवंशिकतेचा पक्ष सोडीत नव्हता, म्हणून तर त्याची साक्ष अधिक वजनाची. ध्यानात घ्या, तिकडे कवटीचा सिद्धान्त मोडत होता, त्याच सुमारास इकडे १९११ चा कायदा अंमलात येत होता आणि १९२४ साली तो आणखी एकत्रित करून पक्का करण्यात आला.

दोन अमेरिकन पंडितांची नावे आम्ही मुद्दाम घेतो. पहिला टॅननबॉम. हा तरुणपणी न्यूयॉर्कच्या बेकार मजुरांचा पुढारी होता. १९१४ च्या थंडीत बेकारांना घेऊन तो रात्रीच्या निवाऱ्यासाठी चर्चमध्ये शिरला, म्हणून त्याला एक वर्षाची कैद झाली. पुढे तोच विद्यापीठात प्राध्यापक झाला, आणि १९३८ साली त्याने लिहिले, की पोराच्या एखाद्या खोडीवर समाज ‘हा वाईट’ असा शिक्का मारतो, सर्वजण त्याला त्याच नावाने वागवितात, आणि शेवटी तो पोर त्या नावाला जागतो. तुरुंग आतून पाहिलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे.

दुसरा सदरलँड. १९३९ साली त्याने समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत प्रश्न केला, की आपण गुन्हेगारी दरिद्र्यांच्या वस्तीतच का शोधतो? मोठ्या कंपन्यांचे संचालक कायदा मोडतात त्याचे काय? दहा वर्षांनी त्याने सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्धचे सर्व निर्णय गोळा करून मांडले. ते नऊशे ऐंशी भरले. प्रकाशकाने खटल्याच्या भीतीने कंपन्यांची नावे गाळली. ती नावे छापली गेली १९८३ साली, सदरलँड वारल्यानंतर तेहेतीस वर्षांनी. पारध्यांची नावे मात्र गॅझेटात छापताना कोणाला भीती वाटली नव्हती.

आमच्या रोजच्या कामातले उदाहरण देतो. कामगाराच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापावयाचा आणि तो भरावयाचा नाही, हा फौजदारी विश्वासघात आहे. १९७३ पासून दंडविधानात तसे स्पष्ट लिहिले आहे आणि २०२४ साली आलेल्या न्याय संहितेतही ते आहे. असे पैसे बुडालेले कामगार आम्ही शेकड्यांनी पाहिले. ‘मालकांच्या वस्तीतला कोण आहे?’ असे विचारीत कोणी तपासाला आलेले मात्र आम्ही पाहिले नाही. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. २०१० साली सात अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती दोन वर्षांची. आकडे आपले आपण ताडून पाहावेत.

येथे कोणी म्हणेल, ‘तुम्ही चोरांची बाजू घेता.’ नाही. चोरीची झळ गरिबाला अधिक लागते. माळ्याला कुलूप लावून रातपाळीला गेलेल्या विणकराची पितळी भांडी गेली, तर ती पुन्हा घेण्यास त्याला वर्ष लागते. त्याला विमा नसतो. चोर सापडला पाहिजे, त्याला शिक्षा झाली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की चोर शोधावयाचा तो चोरीवरून, जातीवरून नव्हे. जातीवरून शोधला म्हणजे निरपराधी सापडतो एवढेच होत नाही. खरा चोरही सुटतो. आमच्या कारखान्यातला कारकून पंधरा दिवस निश्चिंत झोपला, तो याच कारणाने.

कायद्याचा शेवट कसा झाला? १९३६ साली नेल्लोर येथे जवाहरलाल नेहरूंनी त्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता. स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने चौकशी केली. मद्रास व मुंबई प्रांतांनी तो आधीच काढून टाकला होता. आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सबंध देशातून गेला. म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. ही माणसे पाच वर्षे सोळा दिवसांनी. परंतु त्याच सुमारास प्रांतोप्रांती ‘सराईत गुन्हेगारां’चे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. या कायद्यांत जातीचे नाव नव्हते. पण ठाण्यातली जुनी वही तीच, आणि ती वाचणारे डोळेही तेच होते.

१९९८ साली पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. महाश्वेतादेवी, गणेश देवी, लक्ष्मण गायकवाड आदींनी त्यावर देशभर आवाज उठविला. हे गायकवाड म्हणजे ‘उचल्या’चे लेखक, स्वतः त्या जमातीतले आणि लातूरच्या सूतगिरणीतल्या कामगारांत वावरलेले. त्या पुस्तकाने आम्हांला जेवढे शिकविले तेवढे कोणत्याही अहवालाने नाही. २००८ साली रेणके आयोगाने आणि पुढे इदाते आयोगाने आपापले अहवाल दिले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवरून कामे वाटणारी आणि विमुक्त जमातींना सराईत समजणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. म्हणजे कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षे तो तुरुंगाच्या पुस्तकात जगत होता.

आणि केवळ सरकारी पुस्तकातच नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी, भटक्या जमातीतले. त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढे तालुक्यातले. तेथे अधिसूचना नव्हती, हजेरी नव्हती, साहेब तर नव्हताच. अनोळखी भाषा, फाटके कपडे, आणि हातात मोबाइलवरची अफवा, एवढे पुरले. १८७१ चे गणित आता आपले आपण करू लागलो आहोत.

कायद्याचे कुंपण सरकारने घातले, सरकारने काढले. मनातले कुंपण काढण्यासाठी राजपत्र निघत नाही. ते ज्याने त्याने आपापल्या जागी काढावयाचे असते : मास्तरांनी वर्गातल्या हजेरीत, घरमालकाने भाडेकरू ठेवताना, कारखानदाराने फाटकावर, आणि आम्हां युनियनवाल्यांनी सर्वांत आधी. आमच्या संघटनेत पुढे सेटलमेंटमधले कामगार आले, पदाधिकारी झाले. नव्या कार्यकर्त्याला आम्ही एकच नियम सांगतो, की पोलीस कामगाराला घेऊन गेले तर तो कोणत्या वस्तीतला हे विचारू नका. तो त्या वेळी कोठे होता हे विचारा, आणि ठाऊक असेल तर जाऊन सांगा.

त्या माउलीने आम्हांकडे मागितले होते ते फक्त एक वाक्य. ते सांगण्यास आम्हांला तीस वर्षांवर लागली. आता त्याचा तिला काही उपयोग नाही. तरी ज्या गावात ते सांगावयाचे राहिले, त्याच गावात, आपणां सर्वांसमक्ष ते सांगतो. तो पोरगा त्या रात्री पाळी सुटेपर्यंत आमच्या शेजारच्या मागावर होता.